केळ्यांचा हुकूम आणि खुटबावची कार्नेशन

"मीरासाहेब, फुलांची काळजी सोडा! आमची रतन देवाला जपती ना, तसा मी कार्नेशनला जपतो. लुबनाच्या निकाहाचं स्टेज बघून अख्खं दौंड तोंडात बोट घालंल!"

सोपानरावांनी दोस्ताला फोनवर असं ठणकावून सांगितलं आणि पॉलिहाऊसमधली उमललेली फुलं बादल्यांत घालून खुटबावच्या घरातल्या सगळ्यांत गार खोलीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. देवळात वाटायला आणलेला पिकल्या केळ्यांचा घड रतनबाईंनी आदल्या रात्रीच भक्तिभावानं त्याच खोलीत टांगला आणि दारं-खिडक्या गच्च लावून घेतल्या. न जाणो, मांजर शिरलं तर! मांजर केळी खात नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण संकष्टीच्या आदल्या दिवशी मांजराचा तरी भरवसा कुणी द्यावा?

सकाळी दार उघडतात तो काय! फुलं आतल्या आत मिटलेली, शेवटच्या बाकावर पेंगणारी पोरंच जणू!

"अगं बाई, दृष्ट लागली!" रतनबाई हळूच म्हणाल्या. संकट कितीही मोठं असो, त्यांचा आवाज समईच्या ज्योतीएवढाच. लगेच मीठमोहऱ्या उतरवल्या, नारळाच्या शेंड्या पेटवून खोलीभर धुरी दिली आणि दार पुन्हा लावलं. दुपारपर्यंत उरलीसुरली फुलंही माना टाकून मोकळी!

"उद्या निकाह! दोस्ताच्या पोरीला आता काय धोतऱ्याची फुलं लावू?" सोपानराव डोकं धरून बसले.

पुण्यात शेतीचं शिकणारी त्यांची लेक राजनंदिनी सुट्टीला आली होती. ती खोलीत डोकावली आणि किंचाळलीच.

"आई! केळी? आन् वर धूर?"

"अगं, देवाची केळी हायती!"

"देवाची असली तरी पिकलीत ना! त्यातनं इथिलीन वायू सुटतो. धुरातबी तोच. झाडांसाठी तो हुकूम असतो. फुलाच्या पेशीत एक प्रथिन राखणीला बसलेलं असतं. वायू नसंल तवर ते दुसऱ्या प्रथिनाला जागं ठेवतं, आन् ते दुसरं सगळ्यांना दरडावतं, 'थांबा, कोमेजायचं न्हाई!' वायू राखणदाराला चिकटला, की दुसरं गप्प. मग तिसरं मोकाट सुटतं आन् आत सांगावा धाडतं, 'आवरा आता, फूल मिटवा!'"

"म्हंजी आपल्या घरातल्यासारखंच," रतनबाई म्हणाल्या. "मी गप्प बसले, की तुझा बाप मोकाट!"

"फुलांना परत सांग की, उमला म्हणून!" सोपानराव काकुळतीला आले.

"सांगावा पोचला, बाबा. आता माघारी येत न्हाई. पॉलिहाऊसमधल्या अर्ध्या उमललेल्या कळ्या तोडा, पाण्यात उद्यापर्यंत फुलतील."

संध्याकाळी नवरा-बायकोला घेऊन टेम्पो दौंडला पोचला. मीरासाहेब बादलीत डोकावले.

"सोपानराव, ह्या तर कळ्या!"

"मुद्दाम आणल्या! उमललेली काय, कुणीबी आणतंय!"

"व्हय का, वहिनी?"

चंद्रोदय व्हायचा होता, पोटात उपास होता. खोटं बोलून संकष्टी मोडायची? रतनबाईंनी पदर सावरला आणि हळू आवाजात केळ्यांपासून धुरीपर्यंत सगळं सांगून टाकलं. सोपानराव टेम्पोमागं लपले. मीरासाहेब असे हसले, की मांडववाल्याला वाटलं, कमानच कोसळली!

"बरं झालं सांगितलं, वहिनी! मी फुलं मागच्या खोलीत ठेवणार हुतो. तिथं वऱ्हाडासाठी पिकल्या आंब्याच्या पेट्या उतरवल्यात!"

पाहुण्यांनी भरलेल्या त्या घरात मग एकच गार जागा उरली. दोघा दोस्तांनी स्वतःला झोपायला राखून ठेवलेली एसीची खोली! कळ्या तिथं गेल्या आणि दोस्त आंब्याच्या पेट्यांना टेकून रात्रभर डास मारत बसले.

निकाहाच्या फोटोत लुबनाच्या मागं कार्नेशन कशी टवटवीत दिसतात! शेजारी उभ्या असलेल्या तिच्या अब्बांची आणि सोपानकाकांची तोंडं मात्र टम्म सुजलेली आहेत.