श्रावणमासी एका कोळंबीची बखर

घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही, ऐसा भरवसा वाचणारांनी धरावा. श्रावण शुद्ध प्रतिपदेस, ठाणे प्रांती कोपरी मुक्कामी, राजश्री तानाजीराव सकाळचा चहा घेऊन दिवाणखान्यात आले, तो काचपेटीतील कोळंबी नाहीशी जाली ऐसे आढळले. मोठा अनर्थ जाला.

पूर्वपीठिका ऐसी की, रावांचे कुटुंब नंदाबाई यांनी आजारपणात फर्माविले होते की, घरात खाऱ्या पाण्याची पेटी ठेवावी आणि तीत नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे सोडावे, नावे आपण ठेवू. पेटी आली, आणि माघात बाई गेल्या, आणि पेटी कोरडी राहिली. मग आषाढात रावांनी कंबर बांधली, आणि डोंबिवलीचे मत्स्यविक्रेते विकीसाहेब यांचे मसलतीने बादल्यांत मीठ कालवून दिवाणखान्यात समुद्र उभा केला. साहेबांनी ताकीद दिली की, "काका, लगेच मासे टाकू नका, मरतील. आधी एक कच्ची कोळंबी टाका आणि सडू द्या." कारण ऐसे की, कोळंबी सडता अमोनिया नामे विष उठते, आणि त्या विषावर डोळ्यांस न दिसणारी जिवाणूंची फौज पोसते, आणि फौज पुरती वाढली म्हणजे विष उठताच फस्त करते, मग ते पाणी माशांजोगे होते. तोवर नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकावे; हिरवे उमटले तर विष, पिवळे उमटले तर फत्ते.

मोहीम रंगात आली, पाणी दुधासारखे गढूळ जाले, दर्प जिन्यापर्यंत गेला, आणि राव हिरवी नळी पाहून संतोष पावत, तो दिवा गावाहून वडील भगिनी ठमाबाई दाखल जाल्या. त्यांनी पाहिले की, श्रावण लागला आणि देव्हाऱ्यासमोर कोळंबी सडते आहे. मग राव उठण्यापूर्वीच त्यांनी कोळंबी कचऱ्यात धाडली, आणि पावसाळी पाण्यास करतात तैसी तुरटी फिरवून पेटी नितळ केली. फौज बुडाली. जाबसाल जाला तो ऐसा:

"तान्या, बघ पाणी कसं आरशासारखं झालंय!"

"आक्का, काय केलंस हे! ती कोळंबी नंदाच्या माशांसाठी होती."

"मासे? कुठायत मासे?"

"यायचेत अजून. पाणी तयार नसताना आणले तर मरतील. या घरात आता आणखी कोणी मरायला नको."

ठमाबाईंनी हातचा तुरटीचा खडा पदराआड केला.

मग विकीसाहेबांचा फोनवरून हुकूम आला की, सर्व पाणी उपसून पहिल्यापासून आरंभ करावा. राव बादल्या वाहू लागले, आणि ठमाबाई पदर नाकापर्यंत ओढून, ओळखीचे कोणी पाहील या धास्तीने मागल्या गल्लीने, खासा मासळीबाजारावर चालून गेल्या. तेथे कोळिणीने अडविले.

"काय गो बाय, सरावनान कोलबी? नि ती पन येकच?"

"मला नको गं. घरातल्या काचेच्या पेटीला हवी."

"आता पेटी पन कोलबी खाते?"

हा अपमान गिळून, कोळंबी मेथीचे जुडीखाली दडवून बाई परतल्या, आणि आधी देव्हाऱ्यास पडदा लावला, आणि मग ती स्वहस्ते पाण्यात सोडली.

दर्प पुन्हा उठला. शेजारची शिवानी नाक धरून दारी आली आणि पुसती जाली की, "आजी, तुमच्याकडे उंदीर मेलाय का?"

"कोणी मेलं नाही गं. आमच्याकडे मासे यायचेत."

मग गणपती आले आणि गेले, तरी नळी हिरवीच, आणि ठमाबाई दिव्यास जाण्याचे नाव काढीनात. नवरात्रात नळी पिवळी उमटली. विकीसाहेबांनी मागाहून उठणाऱ्या दुसऱ्या विषाचीही परीक्षा करविली, तेही सरले होते. मग थोडे पाणी बदलून, दसऱ्याचे दिवशी, मासे डोंबिवलीहून पिशवीत बसून आले, आणि रावांनी ती पिशवी पेटीत तरंगत ठेवून, उतावीळ न होता, त्यांस हळूच आत सोडले.

"तान्या, हाक काय मारायची रे यांना?" ठमाबाईंनी पुसले. राव काचेपाशी उभे राहिले.

येणेप्रमाणे कोपरीचा समुद्र सर जाला, दोन्ही मासे जिवंत आहेत, अन्न घेतात, ऐसी नोंद केली. नावे नंदाबाई ठेवणार होत्या. ती अजून ठेवलेली नाहीत.