अण्णांचा शेवटचा वटवट्या

नेर्लेकर अण्णांना अर्धांगाचा झटका आला, तो तलावाच्या बांधावर, डोळ्याला कॅमेरा लावलेला असताना. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कॅमेऱ्याला मात्र ओरखडाही नव्हता. डॉक्टरांनी मंदाताईंना बाजूला घेऊन सांगितलं, "आता फार दिवस नाहीत. त्यांच्या मनासारखं काय ते करा."

मनासारखं म्हणजे काय, ते कळायला मार्ग नव्हता. अण्णा डाव्या हाताचं बोट उशाशी ठेवलेल्या कॅमेऱ्याकडे करत आणि घशातून घरघर काढत. ताईंनी शेवटचा फोटो उघडला. बाभळीच्या फांदीवर मळकट हिरव्या रंगाचं इवलंसं पाखरू, निम्मं पाल्याआड. त्याचं नाव न कळताच नवरा जाणार, हे ताईंना पटेना. त्यांनी फोटो अण्णांच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला: "हा कोण? ह्यांना जायच्या आत सांगायचंय."

आधी जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. मग दंतवैद्य करमरकरांनी लिहिलं, "वटवट्या. हिरवट पर्णवटवट्या."

"डॉक्टर, तुम्ही दात बघा," विमा एजंट तावऱ्यांनी उलट टाकलं. "पंखावर दोन पट्ट्या आहेत. हा दुसराच."

"पट्टी एकच आहे. दुसरं ऊन पडलंय."

"आणि भुवई? भुवईवर पण ऊनच पडलंय का?"

संध्याकाळी दोघेही भांडत भांडत दवाखान्यातच आले.

"वहिनी, वटवट्या नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही," करमरकर म्हणाले. "आवाज लागतो. अण्णांनी ऐकला असणार."

"मग विचारा की त्यांना," तावरे म्हणाले. अण्णांची वाचा गेली आहे, हे दोघांच्याही जरा उशिरानेच लक्षात आलं.

त्यावर तोड निघाली. करमरकरांनी मोबाइलवर एक चिवचिव लावली. "अण्णा, हाच असेल तर डोळा मिटा."

अण्णांनी डोळा मिटला.

"बघा!"

"थांबा हो, माझा लावू द्या." तावऱ्यांनी दुसरी चिवचिव लावली. अण्णांनी पुन्हा डोळा मिटला. माणूस अधूनमधून मिटतोच.

शेजारच्या खाटेजवळून एक बाई ओरडल्या, "अहो, आमचा म्हातारा आत्ता कुठं झोपलाय! ती पाखरं आवरा!"

"बाई, शास्त्राचा प्रश्न आहे," तावरे म्हणाले आणि त्यांनी आवाज वाढवला.

तेवढ्यात अण्णांचे ओठ हलले. "वट… वट…"

"बोलले! वटवट्या!" करमरकरांनी तावऱ्यांना मिठीच मारली. "अण्णा, पुढं? कुठला वटवट्या?"

ताईंनी अण्णांच्या तोंडाशी कान नेला. अण्णा आणखी एक शब्द बोलले आणि त्यांनी मान टाकली.

तेराव्याला दोघेही आले. गोडाचं ताट समोर येईपर्यंत करमरकरांनी दम धरला.

"वहिनी, वेळ बरी नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. अण्णा शेवटी काय म्हणाले?"

मंदाताईंनी तो शब्द संसारभर ऐकला होता. स्वयंपाकघरात, लग्नाकार्यात, एसटीत. या खेपेला तो त्यांच्यासाठी नव्हता, एवढाच काय तो दिलासा.

"'पुरे' म्हणाले."

"पुरे?" फोटो आल्यापासून पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे बिनवादाचं पाहिलं.

"आपल्या भागात कधी नोंद आहे याची?" तावऱ्यांनी हळूच विचारलं.

"ऐकिवात नाही." करमरकरांनी ताट बाजूला सारलं, पिशवीतून पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि शेवटची सूची उघडून 'प' शोधायला घेतला.