फ्रान्स, तालुका पारनेर

फ्रान्समध्ये जे आहे ते सगळं पारनेर तालुक्यात आहे, फक्त नीट मांडून ठेवलेलं नाही, असं सुमंतचं ठाम मत होतं. तो फ्रान्सला गेला नव्हता. पण पुण्यात मैत्रेयीच्या एका कार्यक्रमात त्याने पडद्यावर फ्रान्स पाहिला होता, आणि मत बनवायला तेवढा फ्रान्स पुरतो.

ही मैत्रेयी दरवर्षी हौशी सायकलवाल्यांना फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत घेऊन जाते. जाड टायरच्या सायकली, नदीच्या खोऱ्यातल्या मातीच्या वाटा, मध्येच एखादं दगडी गाव, टेकडीवर किल्ला, उतारावर द्राक्षं. सगळे आ वासून फोटो बघत होते. सुमंतचा मात्र फोटोगणिक अपमान होत होता. नदी? आमच्याकडे कुकडी आहे. दगड? ते तर आम्ही वाटायला बसलो तर फ्रान्सलाही पुरतील. किल्ला? खडकदरा गावाला गढी आहे. तिचा एकच बुरूज उरलाय आणि त्याला शेळ्या बांधतात हे खरं, पण फ्रान्सच्या किल्ल्याचा कुणाला एवढा तरी उपयोग होतो का? राहिली द्राक्षं. त्यांच्या जागी कांदा आहे. दोन्हींनी माणूस रडतो, कांद्याने जरा लवकर.

कार्यक्रम संपल्यावर तो उठून उभा राहिला आणि भरल्या सभेत म्हणाला, "हे सगळं सुप्यापासून तासाभरावर आहे. या आणि बघा."

मैत्रेयीने खरंच शब्द दिला. नोव्हेंबरात चार-पाच जणांना घेऊन येईन, वाट पसंत पडली तर दर हिवाळ्यात गट आणीन आणि वाटाड्या तूच असशील, असं ती म्हणाली. सुमंतने दुसऱ्याच दिवशी सुप्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली. तिथे बाटलीवर झाकण नीट बसतं की नाही हे बघायचं त्याचं काम होतं. तीन वर्षांत एकही झाकण वेगळं वागलं नव्हतं.

घरी अप्पांना हे सांगणं जरा अवघड गेलं. अप्पा म्हणजे त्याचे वडील, जन्मभर पारनेरच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि आपल्या घराण्यात आजवर नोकरी कुणी सोडलेली नाही, वय झालं की तीच आपल्याला सोडते, एवढं सांगून त्या दिवसापासून सुमंतशी बोलणं आईमार्फत सुरू केलं. मैत्रेयीने नाही म्हटलं तर सुमंतला परत झाकणांकडे जावं लागणार होतं. झाकणं एक वेळ परवडली असती. अप्पा बरोबर ठरले असते, ते परवडणारं नव्हतं.

तर सुमंत कामाला लागला. फ्रान्समध्ये म्हणे वाटाड्या पुढे पळत नाही, वाटेवर खुणा असतात, त्या बघत माणूस आपला आपण जातो. सुमंतनेही काठ्यांना लाल फडकी बांधून झेंडे केले. वळणावळणाला फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या. डोक्यावर हेल्मेट, अंगात पिवळं चमकतं जाकीट, हातात चढउतार मोजणारा मोबाईल, असा तो पंधरवडाभर खडकदऱ्याच्या शिवारात बांधाबांधाने आणि नदीकाठाने झेंडे रोवत हिंडला.

आता सुप्याला एमआयडीसी आल्यापासून या पट्ट्यात हेल्मेट घालून शिवारात लाल झेंडे रोवणारा माणूस कोण असतो, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. सुमंत पाळण्यात नव्हता, म्हणून त्याला कळलं नाही.

लोकांनी साहेब काय चाललंय म्हणून विचारून पाहिलं. सुमंतला धास्ती, आपली कल्पना कुणी चोरली तर? तो गूढ हसायचा, थोडे दिवस थांबा, बाहेरची मोठमोठी माणसं येतील इथे, असं म्हणायचा आणि सायकलवर टांग टाकून निघून जायचा. सरकारी माणूस सायकलवर कसा, अशी शंका पारावर कुणीतरी काढली होती. गाडी आणली की गाव गोळा होतं म्हणून सायकल, असं तिचं उत्तर तिथल्या तिथे मिळालं.

मोजणी लागली, जमिनी जाणार, ही खबर तिन्हीसांजेच्या आत पार नदीपलीकडे गेली. आणि सुमंतची पाठ फिरल्यावर फक्कीच्या रेघा पुसल्या गेल्या आणि झेंडे चालायला लागले.

ज्याचा नुसता माळ होता त्याने झेंडा हळूच आत ओढून घेतला. ज्याचं बागायत होतं त्याने उपटून भावकीच्या रानात लावला. भागवत आणि हनुमंत या सख्ख्या भावांची घरं एका भिंतीला, पण वाटण्या झाल्यापासून दोघांत बोलणं नाही. भागवतने झेंडे आपल्या कांद्यातून काढून आपल्याच खडकावर नेले. आता खडकाचे पैसे होणार हे हनुमंतला बघवेना. त्याने ते झेंडे उचलून भागवतच्या थेट अंगणात रोवले, म्हणजे घरच जावं.

शिवाय भरपाई नुसत्या जमिनीची नसते. झाडाची वेगळी, विहिरीची वेगळी, गोठ्याची वेगळी. बघता बघता खडकदऱ्यात आमराया उठल्या.

सुमंतला यातलं काही ठाऊक नव्हतं. झेंडे लावून तो घरी येऊन पडला होता आणि आईमार्फत अप्पांना फ्रान्सबद्दल माहिती पुरवत होता.

ठरल्या रविवारी मैत्रेयी आली. बरोबर चार जण, गाड्यांच्या टपांवर सायकली. त्यांतला करण दोनदा फ्रान्सला जाऊन आलेला, त्यामुळे तो कुठल्याही वाक्यात फ्रान्समार्गे शिरायचा. गढीपाशी सगळे जमले. शेळ्यांनी जागा करून दिली. सुमंतने ऐटीत सांगितलं की माझ्या मागे येऊ नका, झेंडे बघा आणि सुटा. ते सुटले.

पहिल्याच वळणाला सुमंतने करकचून ब्रेक दाबला. वाट उजवीकडे नदीत उतरायची होती. झेंडा डावीकडे माळावर होता, जिथे वाट नावाची वस्तू नव्हती. ओरडून थांबवावं तर चूक कबूल केल्यासारखं होणार. डोळ्यांसमोर झाकणं आली. त्याने पायडल मारून मैत्रेयीला गाठलं आणि हा तांत्रिक टप्पा आहे, मुद्दाम ठेवलाय, असं बेधडक सांगितलं. मैत्रेयी दगडांवरून उडत होती, तिने मान डोलावली. किंवा ती आपोआप डोलली.

माळ संपला आणि आमराई लागली. सुमंतने जन्मात न पाहिलेली. करणने दम खायला सायकल एका आंब्याला टेकवली, तर आंबा आडवा झाला. मुळं नव्हती. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचे बाबाजान शांतपणे पुढे आले. त्यांनी झाड उचललं, भोकात परत खोचलं, दोन्ही हातांनी माती दाबली आणि सुमंतकडे बघून म्हणाले, "लिवून घ्या सायेब. कलमी हाय, दोन वर्साची."

साहेब कोण आणि लिहायचं काय, हे सुमंतला उमगेना. पण मैत्रेयी बघत होती, म्हणून त्याने मोबाईलवर काहीतरी लिहिल्यासारखं केलं. ते पाहून शेजारच्या चार आमरायांचे मालक धावत आले. प्रत्येकाने हाताला धरून आपापली झाडं मोजायला लावली, चहा पाजला, दुसरा कप पाजला. करण म्हणाला की फ्रान्समध्ये असं होत नाही. पहिल्यांदाच तो खरं आणि उपयोगाचं बोलला होता.

पुढे झेंड्याच्या ऐन रेषेत एक खड्डा होता आणि त्यात गोरक्ष नावाचा गडी टिकाव मारत उभा होता. एकाचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं ते गोरक्षने वरच्या वर झेललं, आणि ही विहीर आहे अशी माहिती पुरवली. मैत्रेयीने कुतूहलाने खोली विचारली.

"सध्याला कमरेइतकी हाय," गोरक्ष म्हणाला, "कागदावर चाळीस फूट धरा."

इथे सुमंतच्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. हेल्मेट, जाकीट, लाल झेंडे, कागद. पण उजेड पडला म्हणून माणूस थांबतोच असं नाही. आपणहून चुकलो म्हणायचं नाही, एवढं एकच तत्त्व त्याच्याकडे त्या क्षणी शिल्लक होतं. त्याने घोषणा केली की यापुढचा टप्पा ग्रामीण जीवनदर्शनाचा आहे.

जीवनदर्शन भागवतच्या दारात झालं. झेंडा अंगणात तुळशीला खेटून उभा होता आणि भागवतची बायको विळा मांडीवर घेऊन दारात बसली होती. सहा सायकली अंगणात शिरल्या तरी ती उठली नाही.

"माज्या घरावरनं रस्ता न्यायचा तर आदी माज्यावरनं न्या," ती म्हणाली. "मंग घराचं बगू."

करणने सायकल मागे घेतली. फ्रान्सबद्दल तो काही बोलला नाही. सुमंतने पुढे होऊन झेंडा उपटला आणि अदबीने तिच्या हातात दिला. तिने तो न बघता भिंतीपलीकडे हनुमंतच्या अंगणात भिरकावला. हनुमंत घरीच होता, झेंडा परत आला. परत गेला. परत आला. दोन्ही बाजूंनी कुणी अवाक्षर बोलत नव्हतं. वाटण्यांनंतरचा त्या दोन घरांतला तो सगळ्यांत मोठा संवाद असावा. शेवटी सुमंतने उडता झेंडा हवेत पकडून काखेत मारला आणि इथे वाट ऐच्छिक आहे, असं सांगून सगळ्यांना परसातून बाहेर काढलं.

नको असलेल्या झेंड्यांचं काय होतं, ते त्यांना गायरानात कळलं. ज्याला ज्याला झेंडा आपल्या रानात नको होता आणि भावकीशी भांडायचंही नव्हतं, त्याने तो सरकारच्या जमिनीत आणून लावला होता. नदीकाठी लाल फडक्यांचं पीक उभं होतं. पुढे वाट नव्हती, मागे अख्खं गाव चालत आलं होतं. भागवत एका टोकाला, हनुमंत दुसऱ्या टोकाला. बाबाजान मधून पुढे झाले. गावाच्या वतीने त्यांनी एवढंच मागितलं, की किती जाणार आणि कुणाची जाणार ते साहेबांनी आज तोंडाने सांगावं, म्हणजे माणसं झोपतील तरी.

मैत्रेयीने सुमंतकडे पाहिलं. कुणाची काय जाणार आहे, असं तिने विचारलं.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. साहेब व्हायचं आणि मैत्रेयीपुढे वाटाड्या राहायचं, किंवा खरं बोलून दोन्हीकडून जायचं. सुमंतने भागवतच्या बायकोकडे पाहिलं. विळा अजून हातात होता. तो सरळ एका धोंड्यावर चढला. हेल्मेट काढलं, जाकीट काढलं आणि छाती पुढे काढून म्हणाला, "मी कुणाचा साहेब नाही. पारनेरच्या मास्तरांचा मुलगा आहे. हे झेंडे सायकलच्या वाटेचे होते, आणि तुम्ही ते हलवलेत. कुणाची एक वीत जमीन जाणार नाही. माझी वाट गेली, तेवढीच."

मग मागून हनुमंतने विचारलं की सायकली कुठे जाणार. सुमंत म्हणाला, कुठेच नाही, फिरून परत गढीपाशी. आलात कशाने? गाडीने. सायकली कशावर होत्या? गाडीवर. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. पुण्याहून गाडीत बसून यायचं, गाडीवरून सायकल उतरवायची, दगडधोंड्यांतून हाडं मोडेपर्यंत हाणायची आणि परत गाडीपाशीच यायचं. थाप मारावी, पण निदान पटेल अशी तरी मारावी, असं सगळ्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

बाबाजानांनी सुमंतच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, क्यानालवाले आल्ते, तवा त्ये बी हेच म्हनले हुते. कुनाची जानार न्हाई." त्यांनी सुस्कारा सोडला. "तुमी बोल्ला नव्हता तवर आमाला जरा शंका हुती. आता न्हाई."

गाव समाधानाने पांगलं. जाता जाता चार-पाच जणांनी गायरानातले झेंडे उपटून आपापल्या रानाकडे नेले. सुमंत धोंड्यावर तसाच उभा राहिला. खाली उतरायला काही कारण सापडत नव्हतं.

मैत्रेयीने गाडीवर सायकल चढवून पट्टे आवळले. मग म्हणाली, "फ्रान्समध्ये आठवडाभरात आमच्याशी फक्त एक कुत्रं बोललं. डिसेंबरात बारा जण आणते. पण हीच वाट पाहिजे. विहीर, आमराई, त्या काकू, सगळं."

सुमंतने क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं. वाट उद्या कुठे असेल हे त्याला ठाऊक नव्हतं. पण ते खडकदऱ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे निदान कुणी खोडून काढणार नव्हतं.

घरी येऊन त्याने सगळी हकीकत आईला सांगितली, अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात. गाव चुकलं, मोजणी नव्हतीच, मी ठणकावून सांगितलं, तरी मैत्रेयी येणार आणि नोकरी गेली ती गेलीच. अप्पांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. कित्येक दिवसांनी ते थेट सुमंतशी बोलले.

"डिसेंबरपर्यंत झेंडे राहतील ना?"

सुमंत हो म्हणाला.

"नाही, खडकदऱ्यात आपला तो नदीपलीकडचा खडक आहे ना. कूळकायद्यात कुळानेही नको म्हटलेला. त्याच्या कडेने एखादा झेंडा गेला तर?"

"अप्पा, ती सायकलची वाट आहे. मोजणी नाही. तुम्हाला तर सुरुवातीपासून माहीत आहे."

"मला माहीत आहे रे," अप्पा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. "पण अख्खं गाव म्हणतंय म्हणजे काहीतरी असेल."

अख्ख्या गावापुढे न वाकलेला सुमंत सकाळी झेंडा खांद्यावर टाकून अप्पांच्या मागोमाग निघाला. अप्पा बरेच पुढे होते. पहार त्यांच्या हातात होती.