तात्याबामामांचा मंजूर चेहरा

ऑनलाइन फॉर्म म्हणजे माझ्या हातचा मळ! शिरूरच्या मार्केट यार्डात मी एका आडतीवर हिशेब लिहितो, पण लोक कांद्याच्या भावापेक्षा फॉर्मसाठीच जास्त येतात. रेशनकार्ड घ्या, पीकविमा घ्या, माझा अर्ज कधी परत आलेला नाही. म्हणून तात्याबामामा पासपोर्ट घेऊन आले तेव्हा मी म्हणालो, "मामा, बॅगा भरायला घ्या."

मामांची लेक मोनिका आणि जावई केनियात गुलाबाच्या पॉलिहाऊसवर असतात. तिकिटं तिनंच पाठवलेली. बानूमामींना लेक भेटायची होती. मामांचं वेगळंच. त्यांच्या वाडवडलांनी जन्मभर मेंढरं राखलेली.

"तिथं म्हणं सिंहाच्या रानात शेरडं चारत्यात. आमाला इथं लांडग्यानं घाम फोडला. ती माणसं राखत्यात कशी, तेवढं बघायचंय."

तिकडे जायचं तर आधी ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते, ईटीए म्हणतात तिला. पासपोर्टचं पान आणि ताजा फोटो चढवायचा. फोटोसाठी मी दोघांना हौसरावकडे धाडलं. इथंच फसलो.

हौसराव फ्लेक्सवाला. त्याच्याकडे माणूस कसाही आत जावो, बाहेर भावी सरपंच होऊनच येतो. मामी म्हणाल्या, "मला हाय तशी ऱ्हाऊ दे," आणि वाचल्या. मामा गप्प बसले. गप्प बसणं हौसराव संमतीत जमा धरतो. गाल गोरे झाले, मिशी काळीभोर, अंगात कोट. शिवाय तोच फोटो त्यानं उत्साहानं चौकात लावला. मागं विमान, शेजारी सिंह, खाली 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. मलाही फोटो रुबाबदार वाटला. दिला चढवून.

मामींची परवानगी आली. मामांचा अर्ज परत! फोटो पासपोर्टशी जुळत नाही म्हणे. विमान रविवारी. लिलावाच्या गडबडीत मी फोन केला, "मामा, फोटो आणि चेहरा जुळत नाही. उद्या या."

"एवढंच व्हय? येतो जुळवून."

कसं जुळवणार, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

सकाळी आडतीच्या दारात साक्षात फ्लेक्स उभा. केस काळे, मिशी काळी, तोंडाला पावडर आणि भर उन्हात जावयाचा लग्नातला कोट. मागं मामी तोंडाला पदर लावून.

"मामा, हे काय केलं?"

"तूच म्हणलास, जुळंना. फोटू तर छापून चौकात लागला. मंग चेहराच बदलायचा ऱ्हायला."

"अहो, पासपोर्टशी जुळवायचं होतं. त्यात मिशी पांढरी आहे."

मामा हळूच पोत्यावर टेकले. कोटाची बटणं काढता काढता म्हणाले, "मंग तू जाऊन ये गं. म्या बघतो हितली मेंढरं."

"व्हय, आन् त्या सिंहवाल्यांना मी काय इचारू?" मामी म्हणाल्या. "उठा. नळावर चला."

यार्डाच्या नळावर मामींनी नवऱ्याची मिशी कढई घासावी तशी घासली. हमाल कामं सोडून बघत होते. कलप निघाला, पण निम्माच. मिशी डाळ-तांदळासारखी झाली. गोदामाच्या पांढऱ्या भिंतीपुढं उभं करून मी मोबाइलवर फोटो काढला आणि अर्ज पुन्हा भरला. डोळे तरी मामांचेच होते, त्यावर सगळी भिस्त.

मग मामा रोज आडतीवर येऊन बसायचे. माझ्या मोबाइलकडे बघायचे. शनिवारी परवानगी आली. मी छापून दिलेला कागद मामांनी टोपीत ठेवला आणि टोपी दोन्ही हातांनी दाबून धरत मामींसोबत विमानतळाकडची एसटी गाठली.

पुढच्या आठवड्यात यार्डाच्या ग्रुपवर फोटो आला. लाल चादर पांघरलेला उंच गुराखी, त्याची काठी मामांच्या हातात, भोवती शेरडं, आणि ती डाळ-तांदळाची मिशी कानापर्यंत हसतेय. खाली मामांचा निरोप: 'काट्याचं कुंपाण घालत्यात. आपल्यावानीच की.'

लगेच उत्तरं सुरू झाली. 'हौसराव, जबरदस्त बनवलाय.' 'मिशी अर्धवट राहिली बघ.' 'सिंह का काढला?' आणि हौसरावनं सगळ्यांना हात जोडून धन्यवाद दिले!

मी एकट्यानं लिहिलं, 'फोटो खरा आहे.'

अर्थात ते लिहिण्याआधी मीही फोटो मोठा करून मिशीच्या कडा तपासल्या होत्या.