तंबू-अपघाताचा खुलासा, तीन प्रतींत

खरं म्हणजे सगळं पंख्यावरून सुरू झालं. आपलं टेबल दोन फूट पंख्याकडे सरकवावं, एवढीच विनंती हेडक्लार्कांनी साहेबांना केली होती. कारण पंख्याचा वारा त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत वाटेतले तीन कारकून तो संपवून टाकत. साहेबांनी फाइलीतून मानही वर केली नाही.

"बावीस वर्षं बसलाय की तिथं. तुम्ही जागचे हललात तर आम्ही ऑफिस ओळखायचं कसं?"

सगळे हसले. शिपाईसुद्धा हसला, आणि तो गेल्या मार्चपासून हसला नव्हता.

हेडक्लार्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशा वेळी दुसरा माणूस घरी जाऊन बायकोवर ओरडतो. यांना तीही सोय नव्हती (बायको दोन पट्ट्या वर ओरडायची). मुलीने कधीतरी गंमत म्हणून पाठवलेली एक जाहिरात त्यांना आठवली. परदेशातल्या एका थंडगार बेटावर समुद्रपक्ष्यांच्या मोजणीची मोहीम निघणार होती आणि तिला स्वयंसेवक हवे होते. मुदत सहा महिने, वयाची अट नाही, पगारही नाही. उजवा हात खरकटा होता म्हणून त्यांनी डाव्या हाताने मोबाइलवर अर्ज भरला आणि डबा धुवायच्या आत रजेचा अर्ज साहेबांपुढे ठेवला.

"कुठं निघालात?"

"पक्षी मोजायला."

"सहा महिने?"

"पक्षी पुष्कळ आहेत, साहेब. मी जागचा हलतोय. आता ऑफिस ओळखा कसं ते!"

रजा तिसऱ्या दिवशी मंजूर झाली. वर शेरा होता, 'अर्जदाराच्या अनुपस्थितीत कामकाजास कोणतीही अडचण येणार नाही.' तो वाचून हेडक्लार्कांना क्षणभर आनंद झाला. नंतर तोच शेरा त्यांनी पुन्हा वाचला आणि त्या दिवशी चहा घेतला नाही.

घरी बायकोने पोळी तव्यावर तशीच सोडली.

"पक्षी? अहो, गॅलरीत कबूतर आलं तर तुम्ही मला हाक मारता!"

"ते अंगावर येतं."

"आणि तिकडचे काय रांगेत उभे राहणार आहेत? एक, दोन, तीन म्हणायला?"

सासूबाई महिनाभरासाठी राहायला आल्या होत्या. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांचा आवाज अजून मैदानाच्या मापाचा होता. "जावईबापू, आधी वाकून पायाचे अंगठे धरून दाखवा," त्या म्हणाल्या. हेडक्लार्क ईर्षेने वाकले. हात गुडघ्यापर्यंत पोचले आणि तिथंच मुक्कामाला राहिले.

"पोट मध्ये येतंय," सासूबाई म्हणाल्या.

"येऊ दे! मी जाणार म्हणजे जाणार. पोटासकट जाणार!"

मोहीमवाल्यांचं पत्र आलं. निवड करण्याआधी उमेदवाराने सात दिवस तंबूत राहण्याचा सराव करावा आणि आपला अनुभव लिहून कळवावा, अशी अट होती. हेडक्लार्कांनी तंबू आणला. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे होती आणि सेक्रेटरीशी त्यांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. तेव्हा तंबू हॉलमध्ये लागला. फरशीत खुंट्या ठोकता येत नाहीत हे पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं, ते त्यांना हातोडी अंगठ्यावर बसल्यावर कळलं. मग त्यांनी दोऱ्या बांधायच्या जागा स्वतःच शोधल्या. एक सोफ्याच्या पायाला, एक फ्रिजच्या मुठीला आणि एक काचेच्या कपाटाला, ज्यात बायकोचा चोवीस कपांचा सेट होता. लग्नापासून आजवर एकही पाहुणा त्या सेटच्या लायकीचा ठरला नव्हता. चौथी दोरी त्यांनी आतल्या खोलीच्या दाराच्या कडीला बांधली. त्या खोलीत सासूबाई झोपत.

पाच दिवस सुखाने गेले. घरातल्यांना फ्रिज उघडण्यापूर्वी "उघडते हं!" असं ओरडावं लागे, एवढंच. सासूबाई पहाटे फिरायला जात त्याच्या आधी हेडक्लार्क उठून चौथी दोरी सोडून ठेवत. सहाव्या सकाळी त्यांना जागच आली नाही.

सहा वाजता सासूबाईंनी दार ओढलं. दार आत उघडणारं. ते बोटभर उघडलं आणि अडलं.

"दार का उघडत नाही?"

तंबूत हेडक्लार्क खडबडून जागे झाले. "ओढू नका! थांबा!"

दाराआडून सासूबाईंना फक्त "ओढा, थांबू नका" एवढंच ऐकू आलं असं म्हणावं, तर तसंही नव्हतं. त्यांना सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. पण तीस वर्षांत कुणी त्यांना 'थांबा' म्हटलं नव्हतं, ते म्हणायचं काम त्यांचं होतं. त्यांनी एक पाय भिंतीला लावला आणि दोन्ही हातांनी हिसडा दिला. तंबू दाराकडे निघाला. तंबूबरोबर सोफा निघाला, फ्रिजचं दार सताड उघडलं आणि काचेचं कपाट हळूच पुढे वाकून, जरा विचार करून, तंबूवर आलं. नशीब, सोफा वाटेत आडवा आला होता. कपाट त्याच्या पाठीवर टेकलं आणि फक्त कप तेवढे खाली आले. चोवीसच्या चोवीस.

बायको धावत आली. कापडाच्या ढिगातून एक पाय बाहेर होता.

"अहो, जिवंत आहात का?"

"हो."

"मग आता माझ्या हातून मरा!"

तिने कात्रीने दोऱ्या कापून त्यांना बाहेर काढलं, कपाळावरच्या टेंगळाला बर्फ लावला (फ्रिज उघडाच होता) आणि मग ती काचांच्या शेजारी फतकल मारून बसली. रडेल असं वाटलं, पण तिने विचारलं, "काय खुपतंय तुम्हाला ऑफिसात? खरं सांगा."

हेडक्लार्कांना हा प्रश्न घरात किंवा बाहेर आजवर कुणी विचारला नव्हता.

"मागच्या महिन्यात आमचे जुने बाबू निवृत्त झाले," ते म्हणाले. "त्यांची खुर्ची उचलली तर खाली फरशीला चार खड्डे. छत्तीस वर्षांचे. मी माझी खुर्ची सरकवून बघितली. माझेही पडायला लागलेत. मला फक्त एकदा, कपाटातले कागद दुसऱ्या कपाटात न ठेवता, उघड्यावर काहीतरी करून बघायचंय. जमलं नाही तर नाही जमलं."

बायकोने कपाचा तुटलेला एक कान उचलून ओच्यात टाकला. "मग हे आधी सांगायचं. इतके दिवस पंख्याचं काय सांगत बसलात? जा तुम्ही. आईला मी बघते."

पण वस्तू फुटली की चोवीस तासांत लेखी खुलासा द्यायचा, ही हेडक्लार्कांची बावीस वर्षांची सवय. त्यांनी त्याच दुपारी तो लिहिला. घटनेची वेळ, स्थळ, हॉलचा नकाशा, त्यात दोऱ्यांच्या दिशा बाणांनी, फुटलेल्या मालाची यादी परिशिष्ट 'अ' म्हणून. परिशिष्ट 'ब'मध्ये सासूबाईंचा जबाब : 'मी दार ओढले. दार ओढण्यासाठीच असते.' साक्षीदार म्हणून बायकोची सही. एकूण तीन प्रती. एक बायकोला, एक स्वतःच्या फाइलीला आणि तिसरी, पानांना क्रमांक घालून, मोहीमवाल्यांना.

"अहो, हे वाचून कोण घेईल तुम्हाला?"

"अनुभव कळवा म्हणाले, कळवला. खोटं लिहून मला ध्रुवावरसुद्धा जायचं नाही!"

आठव्या दिवशी उत्तर आलं. मुलीने मोबाइलवरून मोठ्याने वाचायला घेतलं. सासूबाईही टीव्ही बंद करून आल्या.

"'आपली निवड झाली आहे...'"

हेडक्लार्क ताडकन उभे राहिले. "बघा! ऐका सगळे! टाक उत्तर, येतोय म्हणून. आत्ताच्या आत्ता!"

"बाबा, पुढचं तर..."

"पुढचं काय ऐकायचं? टाक!"

मुलीने उत्तर टाकलं. बायकोने डोळ्यांना पदर लावला. सासूबाईंनी जावयाच्या पाठीवर थाप मारली, ती त्यांना तीन दिवस जाणवत होती. मग मुलीने पुढचं वाचलं.

"'आपण तंबूपासून दूर राहावं यावर आमच्या समितीचं एकमत झालं. मात्र असा सुंदर अहवाल आमच्याकडे आजवर आलेला नाही. आमच्या तीस वर्षांच्या मोजणीचे कागद बेटावरच्या कार्यालयात चौदा कपाटांत कोंबलेले आहेत. ते काढून, लावून, नव्या कपाटांत ठेवण्याचं काम आपल्याकडे सोपवताना आम्हाला आनंद होतो. वेळ दहा ते साडेपाच.'"

हेडक्लार्कांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. माघार घेणं आता त्यांच्या हातात नव्हतं आणि असतं तरी त्यांनी घेतली नसती. त्यांनी छाती पुढे काढली.

"मग काय झालं? जाणार! समोर समुद्र तर दिसेल ना?"

मुलीने पत्राचं शेवटचं पान वर सरकवलं. "दिसेल, बाबा. जाताना एकदा आणि येताना एकदा. कागदांना खारी हवा लागू नये म्हणून त्या खोलीला खिडकी ठेवलेली नाही."