कडुबाळ सरांचा गृहपाठ

कडुबाळ सर लिफ्टमध्ये दाराकडे पाठ करून उभे राहतात. बाकीचे सगळे दाराकडे बघत असतात आणि सर सगळ्यांकडे. मग कोणी मोबाइल काढतं, कोणी उगाच छताकडे बघतं. सर खुशीत.

"बघितलं मॅडम? लिफ्टमधी तोंड कुठं करायचं हे कुठं लिहिलंय? नाय ना? तरी मोडलं की माणसं लई बेचैन होतेत. पुस्तकात याला लोकरीती म्हणतेत."

आमच्या कॉलेजात ते समाजशास्त्र शिकवतात, मी मराठी. रिटायर व्हायला आलेत, पण जालना रोडवरच्या शेअर रिक्षात बसले की अजूनही प्रत्येकाला नमस्कार करून नाव विचारतात. एकदा एक बाई घाबरून मधेच उतरल्या. स्टाफरूमला ते 'दुय्यम समूह' म्हणतात. "दुय्यम समूहात चहा मिळतो. जिथं 'चहा घेतला का' असं विचारतेत, तो प्राथमिक."

पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यांचा एक गृहपाठ ठरलेला. घरातला कुणीही न सांगितलेला एक नियम मोडायचा आणि काय झालं ते वर्गात सांगायचं. मुलं बेतानं मोडतात. कोणी आईच्या आधी उठून चहा करतं, कोणी बापाला नावानं हाक मारून पळून जातं. वर्ग हसतो, सर फळ्यावर संकल्पना लिहितात.

यंदा पल्लवी नावाची मुलगी गृहपाठानंतर कॉलेजात आलीच नाही. करमाडच्या पुढच्या एका खेड्यातली, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी. मैत्रिणीनं वर्गात सांगितलं ते असं: तिच्या ओसरीवर वडिलांची खुर्ची आहे. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसत नाही. वडील भावकीतल्या दोघांना घेऊन घरी आले, तर ही खुर्चीत, आणि वर म्हणाली, "या, बसा." वडिलांनी कॉलेज बंद केलं.

सर फळ्यावर काही न लिहिता वर्गातून बाहेर आले. "मॅडम, स्कूटी काढा. पोरीच्या घरी मी एकटा जाणं बरं दिसत नाय."

गावात शिरताना पारावरची माणसं माना वळवून बघू लागली. बाई स्कूटी चालवतेय आणि मागे धोतरातले सर. एरवी सरांनी "बघा, कसे बघायलेत!" म्हणून मला ढोसलं असतं. त्या दिवशी त्यांनी फक्त पल्लवीचं घर विचारलं.

पल्लवीचे वडील, भास्करराव, शेती सांभाळून शेंद्र्याला कंपनीत जाणारे. त्यांनी सरांपुढे खुर्ची सरकवली. सर ओसरीच्या पायरीवर बसले.

"सर, भावकीसमोर पोरगी मलाच 'या बसा' म्हणती. हे तुम्ही शिकवलं व्हय?"

"व्हय. मीच. तिची चूक नाय. जे बोलायचं ते मला बोला."

 भांडायची तयारी केलेल्या माणसाला समोरचा असा मिळाला की पंचाईतच होते. दाराआड बांगड्या वाजल्या. मायलेकी तिथंच उभ्या असाव्यात.

"एकच विचारतो," सर हळू म्हणाले. "ती बसलेली बघून पहिल्यांदा काय वाटलं?"

"राग आला."

"त्याच्याही आधी?"

 भास्करराव मिशीतल्या मिशीत हसले. "आधी हसूच आलं. माझी माय अशीच बसायची, एक पाय वर घेऊन. पण ते दोघं संगं होते ना. राग आणावा लागला."

सर ताडकन उठले. "मॅडम! राग आणावा लागला! अवो, मी जन्मभर हेच शिकवायलोय, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाय!"

भास्कररावांना काही उमगलं नाही, पण आपण काहीतरी बरोबर बोललो एवढं कळलं. निघताना म्हणाले, "सोमवारी पाठवतो. पण गृहपाठ जरा बघून देत जावा."

येताना मला वाटलं, आता करमाड येईपर्यंत सर 'भूमिका' आणि 'दर्जा' यांवर बोलणार.  पण ते मागून म्हणाले, "आमच्या अक्काला चौथीतून काढलं. माय-बाप कामाला जायचे, मला सांभाळायला कोण? मी शाळेत जायला लागलो, तवा ती मला पोचवून भाईरूनच परत जायची. घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाय. तिलाबी नाय." मग म्हणाले, "करमाडातच दिलीय तिला. जरा थांबू."

अक्का ओले हात पुसत दारात आल्या. भावाला अचानक बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काय रे बाळ्या? कोण गेलं?"

"कोणी नाय. तुला भेटायला आलो."

त्यांना ते खरं वाटलं नाही. आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टाचा उंचावून, सत्तरीच्या त्या बाईनं सरांच्या कपाळाला हात लावून बघितला.

ताप नव्हता. तरी सर मान खाली करून तसेच उभे राहिले.