दुसऱ्या वल्ह्याबाबत खुलासा

चित्रपट हा विषय घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका चित्रपटाचं विश्लेषणात्मक परीक्षण लिहून द्यावं, न देणाऱ्याला नापास करण्यात येईल, असा महाविद्यालयाचा नियम होता आणि त्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. शेरेसाहेबांच्या लेकीनेही लिहून दिलं. सिनेमा एका नावाड्याचा होता. त्याची बायको आजारी पडते, भर वादळात तो तिला होडीत घालून पलीकडच्या दवाखान्यात न्यायला निघतो आणि ती वाटेतच जाते. 'हा चित्रपट पाहून मी खूप रडले,' अशी लेकीने सुरुवात केली होती. प्राध्यापकबाईंनी निबंध परत केला. वर लाल शाईत लिहिलं होतं, 'रडणे हे विश्लेषण नव्हे. सोमवारपर्यंत पुराव्यासह पुन्हा लिहा.'

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी ठरली होती, फक्त निकालावर अडली होती.

शेरेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते लेखापरीक्षण खात्यात होते आणि समोर आलेल्या कागदावर शेरा मारल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. "परीक्षण?" ते खुर्चीत ताठ बसले. "अगं, मग रडतेस कशाला? जन्मभर मी दुसरं केलंय काय?"

"बाबा, ते परीक्षण वेगळं."

"परीक्षण ते परीक्षण. लाव तो सिनेमा."

"झालं!" आई आतून म्हणाली. "आमच्या लग्नाच्या फोटोंवरसुद्धा शेरे मारलेत या माणसाने. 'वधू हसत नाही, कारण नमूद नाही.'"

सिनेमा सुरू झाला. शेरेसाहेब बोलत गेले, लेक लिहीत गेली. घाटावरून निघताना होडीत एकच वल्हं होतं, मध्यावर दोन दिसतात; दुसरं कोठून आलं याचा संबंधितांकडून खुलासा मागवावा. पाऊस मुसळधार, तरी नावाड्याची टोपी कोरडी. रुग्णास हलवण्यापूर्वी वरिष्ठांची परवानगी घेतल्याचं आढळून येत नाही. मग बायकोने नावाड्याच्या मांडीवर मान टाकली. लेकीने डोळ्याला ओढणी लावली. शेरेसाहेबांनीही चष्मा काढून पुसला, पण ते खात्यात मुरलेले.

"जरा मागे घे," ते खाकरून म्हणाले. "आणि लिही. मृत्यूचा दाखला जोडलेला नाही."

प्राध्यापकबाईंनी निबंध वाचला आणि त्या खुर्चीतून उठल्याच. 'दाखला जोडलेला नाही! म्हणजे दिग्दर्शक मृत्यूच नाकारतो आहे!' लेक पहिली आली. नोकरी मिळाली. आईनेसुद्धा पहिल्यांदाच नवऱ्याकडे जरा आदराने पाहिलं, आणि शेरेसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

हे इथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण चांगली गोष्ट वेळेवर थांबवेल ते खातं कसलं? यापुढे सगळी परीक्षणं याच नमुन्यात लिहावीत, असं महाविद्यालयाने ठरवलं आणि शेरेसाहेब मानद मार्गदर्शक झाले. विद्यार्थ्यांना अंधारात आक्षेप लिहिता येईनात, म्हणून खेळाच्या वेळी दिवे चालू ठेवण्यात आले. दिव्यांमुळे पडद्यावरचं दिसेना, म्हणून प्रत्येकाला कथेचा सारांश छापून देण्यात आला. सारांश हाती आल्यावर आक्षेप फारच स्वच्छ येऊ लागले. सिनेमाचा व्यत्यय राहिला नाही. निर्मातेही शहाणे झाले. नव्या सिनेमात नायिका मेली की पडद्यावर आधी दाखला झळकू लागला, सही-शिक्क्यासह, आणि रडायचंच असेल तर प्रेक्षकांनी त्यानंतर रडायचं.

एकदा खुद्द नावाड्याच्या सिनेमाचा दिग्दर्शक महाविद्यालयात आला. म्हातारा, साधा माणूस. "अहो, दुसरं वल्हं पहिल्या दिवशी सापडतच नव्हतं," तो म्हणाला. "नंतर सापडलं. एवढंच."

"आपण बसा," प्राध्यापकबाई म्हणाल्या. "आपला या चित्रपटाशी काय संबंध?"

लेक आता तिथेच शिकवायला लागली होती. तिने दिग्दर्शकाच्या खुलाशावर 'समाधानकारक नाही' असा शेरा मारला आणि शेरेसाहेबांना भरून आलं.

म्हाताऱ्याच्या मानासाठी त्या दिवशी सिनेमा लावला. शेरेसाहेब पहिल्या रांगेत, एका बाजूला आई, एका बाजूला लेक. खेळ निम्म्यावर आला आणि फ्यूज उडून सभागृहातले सगळे दिवे पटकन विझले. पडदा मात्र चालूच. कितीतरी दिवसांनी तो लख्ख दिसत होता. नावाडी बायकोच्या कपाळावरचे ओले केस मागे सारत होता आणि ती त्याला म्हणत होती, "दमलात हो, जरा थांबा ना." शेरेसाहेबांनी चाचपडत आईचा हात धरला. मग त्यांना हुंदका आला. एक नाही, पाठोपाठ येतच राहिले, लहान मुलासारखे.

"बाबा!" लेक कानाशी कुजबुजली. "काय चाललंय हे? लोक ऐकतायत."

"अगं, ती गेली गं," शेरेसाहेब म्हणाले.

दिवे आले. लेकीने मान खाली घालून लिहून टाकलं, 'मार्गदर्शकांना रडू आले. कारण नमूद नाही.' सभागृहभर पेनं कागदांवर वाकली.

नावाड्याची बायको या गोष्टीत दोनदा मेली. खरं सांगा वाचकहो, पहिल्यांदा ती गेली तेव्हा तुम्ही हसत होतात ना?